सोन्यातलं लोखंड

३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

परवा फोनवर मामीने विचारलं, "तू दिवसभर तिथे नक्की करतेस तरी काय?" मी म्हटलं, अंगठ्या करते. ती हसली आणि तुला फोन न देताच तिने ठेवून दिला. तसंही फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकत नाहीस. म्हणून सगळं लिहूनच काढते.

मी खरंच अंगठ्या करते. सोन्याच्याच. फक्त त्या इतक्या बारीक असतात की तुझ्या एका केसाच्या जाडीत पन्नासेक शेजारी शेजारी बसतील. (तुझ्या डोक्यावर जे काही उरलेत, त्यातल्या एका केसाच्या.) तू सोनं ठोकून, ओढून बारीक करतोस. मी ते हवा काढून घेतलेल्या पेटीत तापवून त्याची वाफ करते, आणि ती वाफ काचेसारख्या गुळगुळीत तुकड्यावर बसते, जिथे मला हवी तिथेच.

मग त्या अंगठीला डावी-उजवीकडून दोन तारा जोडायच्या आणि वीज सोडायची. विजेचा एक कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, अंगठीपाशी आला की त्याच्यापुढे दोन वाटा असतात, वरचा अर्धा गोल आणि खालचा. तुझ्यामाझ्यासारखा असता तर एक वाट धरून गेला असता. हा दोन्ही वाटांनी जातो आणि पलीकडे स्वतःलाच भेटतो. भेटताना दोघांचा ताल जुळला तर वीज सहज वाहते, बिघडला तर अडते. जवळ चुंबक आणून त्याचा जोर हळूहळू वाढवला की ताल जुळतो, बिघडतो, पुन्हा जुळतो, आणि कागदावर लाटांसारखी रेघ उमटते. शास्त्रात याला कलासंबद्धता असा भारदस्त शब्द आहे. आपण ताल म्हणू.

उष्णतेने सगळे अणू धडपडत असतात, त्यांचे धक्के खाऊन इलेक्ट्रॉनचा ताल सुटतो. म्हणून आम्ही अंगठी थंड करतो. जेवढी थंड, तेवढा जास्त वेळ ताल टिकायला हवा. आमच्याकडे मात्र शेवटच्या शून्याच्या, ज्याच्याखाली थंडी जातच नाही त्याच्या, वर अर्ध्या अंशाशी आल्यावर तो वेळ वाढायचाच थांबला. आणखी थंड केलं तरी हलेना. आमचे सर पंधरा वर्षं हेच सांगतायत, की अगदी शून्यालासुद्धा इलेक्ट्रॉन आपसूकच ताल विसरतो. लोक त्यांना हसत होते. आता आमच्या अंगठ्या त्यांच्या बाजूने उभ्या आहेत. तीस एप्रिलला लेख छापायला जाईल. माझी पदवीही त्याच्यावरच, आणि शिष्यवृत्ती ऑगस्टअखेर संपते, म्हणजे वेळेत झालं म्हणायचं.

आता पोटातली गोष्ट. गेल्या वर्षी आमच्याकडचं, बाटलीतून विकत येणारं शुद्ध सोनं ऐन वेळी संपलं. नवं यायला सात आठवडे, आणि वाफेच्या पेटीवर माझी पाळी त्याच आठवड्यात. तेव्हा माझ्या खणात तू दिलेला तुकडा होता, त्याच वर्षीच्या संक्रांतीचा, वाटाण्याएवढा. तू स्वतः शुद्ध केलेला. मी तोच वापरला. नोंदवहीत हाताच्या सवयीने नेहमीचंच लिहिलं गेलं, "सोनं, ९९.९९९". सरांना माहीत नाही. म्हणजे ज्या अंगठ्यांवर एवढा गाजावाजा चाललाय, त्या तुझ्या सोन्याच्या आहेत. खूश?

तुझी,
ठिणगी


१६ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,

आशीर्वाद. पत्र पोचलं. खूश काय विचारतेस, दोन दिवस माझे पाय जमिनीवर नाहीत. कारखान्यात सगळ्यांना सांगून झालं की माझं सोनं आता शास्त्राच्या पुस्तकात जाणार. मालक म्हणाले, "आता तुमच्याशी बोलायला चिठ्ठी पाठवावी लागेल." नोंदवहीत जे लिहिलंस ते चुकीचं कशाला, माझं सोनं कुणाच्या बाटलीपेक्षा कमी नाही.

वाटांचं मला पटकन समजलं नाही, पण पटलं. एक मात्र विचारतो. मोठ्याने हसू नकोस. तो कण आपसूक विसरतो असं सर म्हणतात. आपसूक कोण काय विसरतं? मी चष्मा कुठे ठेवला ते विसरतो, पण तो मामीने उचललेला असतो. वाटेत कुणीतरी त्याला गाठत असेल, बोलत असेल, म्हणून ताल चुकत असेल. नीट बघ.

अक्षर मोठं काढलंय. नवीन पेन जाड आहे.

तुझा,
मामा


१० मार्च

प्रिय मामा,

अक्षर पाहून वाटलं पहिलीतल्या मुलाने लिहिलंय. लाडात आलास की काय?

तुझं पत्र वाचून हसले खरी, आणि मग आठवडाभर हसू आलं नाही. तू विचारलंस, वाटेत त्याला कोण गाठतं. तेच तर सगळ्या वादाचं मूळ आहे. वाटेतल्या कशावर तरी इलेक्ट्रॉनची खूण राहिली, अमुक वाटेने गेला एवढी जरी राहिली, की पलीकडची भेट संपली. मग तो तुझ्यामाझ्यासारखाच एका वाटेचा. सर म्हणतात थंडीत खूण ठेवणारं कुणी उरतच नाही आणि तरी ताल सुटतो.

पण खूण ठेवणारं एक उरतं. लोखंड. सोन्यात कुठे चुकून एखादा लोखंडाचा अणू असला तर तो होकायंत्राच्या सुईसारखा असतो. इलेक्ट्रॉन त्याला धडकून गेला की सुई फिरते, आणि फिरलेली सुई म्हणजे खूण. कितीही थंड केलं तरी ती फिरायची थांबत नाही.

हे तपासायचा एक साधा उपाय आहे. चुंबकाचा जोर खूप वाढवायचा. सगळ्या सुया एका दिशेला ताणून बसतात, मग धक्का लागला तरी फिरत नाहीत. सोन्यात लोखंड नसेल तर काही फरक पडणार नाही. असेल तर लाटा पुन्हा मोठ्या होतील.

मी गेल्या सोमवारी जोर वाढवला. लाटा जवळजवळ दुप्पट झाल्या.

तो आलेख मी कुणाला दाखवलेला नाही. खणात उलटा ठेवलाय. कदाचित यंत्राची गडबड असेल. पण मला एक सांग, तो तुकडा तू शुद्ध केलास तेव्हा लोखंडाचा कुठे संबंध आला होता का? चिमटा, हातोडी, काहीही? किती लागतं ते ऐकून चक्रावशील. दहा लाख अणूंत दहा-पंधरा पुरतात. डोळ्याला दिसायचा प्रश्नच नाही.

ठिणगी


१९ मार्च

चि. ठिणगीस,

चव्वेचाळीस वर्षं या हातांनी सोनं आटवलं. आजवर एकाने विचारलं नाही की तुझ्या सोन्यात काय आहे. ते विचारायला घरचंच माणूस लागलं.

कसाच्या दगडावर रेघ ओढून पाहिली होती. स्वच्छ होती. दगड खोटं बोलत नाही. तुझ्या यंत्राची गडबड असेल असं तूच लिहितेस, मग यंत्राला विचार.

मामी बरी आहे.

मामा


२ एप्रिल

प्रिय मामा,

रागावलास ते कळलं. "मामी बरी आहे" एवढंच लिहितोस तेव्हा तू किती रागावलेला असतोस ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. माझं चुकलं. चिमटा-हातोडी अशी यादी काढून तुला आरोपीसारखं उभं करायला नको होतं.

पण प्रश्न मागे घेत नाही. कसाच्या दगडाला दहा लाखांत पंधरा दिसत नाहीत, मामा. दगडाचा दोष नाही, त्याला तेवढं कुणी कधी विचारलंच नव्हतं.

माझी अवस्था सांगते. उरलेला कपचा रसायनवाल्यांकडे तपासायला देता येईल, पण त्यांच्या पावतीवर "कुठून आलं" हे लिहावं लागतं आणि ती पावती सरांच्या सहीशिवाय हलत नाही. नवं सोनं बाटलीतून आलंय, त्याच्या अंगठ्या मी चुपचाप करून ठेवते आहे. पण थंड करायच्या यंत्रावर माझी पाळी जूनमध्ये. लेख जातो तीस एप्रिलला. एकदा तो गेला की सरांचं नाव, माझं नाव आणि पंधरा वर्षं त्याच्याबरोबर गेली. काल सरांनी स्वतः बाइंडरकडे जाऊन मसुद्याच्या चार प्रती बांधून आणल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना शीळ घालताना पाहिलं नव्हतं. काल जिन्यात घालत होते.

मला वाटलं होतं मूग गिळून बसावं. जूनमध्ये अंगठ्या सांगतील तेव्हा सांगतील. दोन दिवस तसं बसूनही पाहिलं. जमत नाही.

लांबलचक काही लिहू नकोस. हो किंवा नाही, एवढंच कळव. तू नाही म्हणालास तर मी यंत्रावर बोट ठेवून गप्प बसेन. तुझा शब्द माझ्यासाठी अजून दगडापेक्षा मोठा आहे.

ठिणगी


१४ एप्रिल

चि. ठिणगीस,

हे पत्र मामी लिहिते आहे. मी सांगतोय. ती मध्ये मध्ये स्वतःचं घुसडेल तेवढं सोडून दे.

आधी हे सांगतो की पेन जाड नव्हतं. गेल्या दीड वर्षात उजव्या डोळ्यात मधोमध धुकं बसलंय, डाव्यात निम्मं. तुझी पत्रं मामीच वाचून दाखवते. कारखान्यात कुणाला सांगितलं नाही. हाताला कामं पाठ आहेत, चालून जातं असं वाटलं.

(चालून जात नव्हतं. दोनदा बोटं भाजून घेतली आणि मला सांगितलं चहा सांडला. — मामी)

तुझं उत्तर हो आहे.

भट्टीपाशी एका खिळ्याला दोन कांड्या टांगलेल्या असतात. एक ग्राफाइटची, पेन्सिलीच्या शिशासारखी काळी. वितळलेलं सोनं तिने ढवळायचं. दुसरी लोखंडाची, ती फक्त भट्टीतली राख ओढायला. काजळी धरून दोन्ही काळ्याच. तुझा तुकडा आटवत होतो. कांडी मुशीत घातली, दोन फेरे दिले, आणि हाताला वजन लागलं. ग्राफाइट हलकं असतं. लगेच बाहेर काढली.

म्हणजे मला त्याच क्षणी कळलं होतं. नंतर नाही. हे वाक्य नीट वाच.

(हे एक वाक्य सांगायला यांना सकाळपासून आत्तापर्यंतचा वेळ लागला. — मामी)

पुन्हा शुद्ध करायला हवं होतं. त्याला अख्खा दिवस गेला असता, आम्ल ओतताना मोजमाप डोळ्याने लागतं, आणि ते कुणाला तरी बघायला बोलवावं लागलं असतं. मग डोळ्यांचं उघडं पडलं असतं. मी दगडावर रेघ ओढली, ती स्वच्छ आली, आणि मी स्वतःची समजूत घातली की दोन फेऱ्यांनी काय होतंय. नुसतं ठेवायचं सोनं, पोरगी काही ते तपासायला नेणार नाही.

तू विचारलंस तेव्हा मी चिडलो ते तू खोटं बोललीस म्हणून नाही. खरं बोललीस म्हणून.

आता तू सरांना सांग. माझ्यावर ढकल, सगळं ढकल. पण तीस तारखेच्या आत सांग. मी वेळेवर हात थांबवला नाही, तू थांबव.

मामा

ता. क. हा माणूस तीन आठवडे नीट जेवला नाही. तू रागाव, पण पत्र पाठवायचं बंद करू नकोस. — मामी


२७ एप्रिल

प्रिय मामा आणि मामी,

राग आला. खोटं कशाला बोलू. पत्र टेबलावर आपटलं, बाहेर जाऊन इमारतीला तीन चकरा मारल्या. मग लक्षात आलं की तू दगडावरची रेघ पाहून जे केलंस, तेच मी आलेख उलटा ठेवून केलं. त्यानंतर तुझ्यावर ओरडायला तोंड उरलं नाही.

सकाळी नऊला सरांच्या खोलीत गेले. तुझं पत्र, उलटा ठेवलेला आलेख आणि नोंदवही, तिन्ही टेबलावर ठेवली आणि उभी राहिले. सर बस म्हणाले नाहीत. आलेख पाहिला, मग पत्र दोनदा वाचलं. मामीच्या टिपणांपाशी थबकले. मग उठले, कोपऱ्यातल्या बेसिनपाशी आपला कप विसळायला लागले. कप स्वच्छ झाल्यावरही विसळत होते. मला वाटलं आता बाहेर जा म्हणतील.

पाठमोरेच म्हणाले, "९९.९९९ कुणी लिहिलं?"

"मी."

"बाटली बघून?"

"नाही सर. सवयीने."

"खोडू नकोस. त्याच्या शेजारी आजची तारीख घाल आणि काय झालं ते लिही. सगळं लिही."

मी तिथेच उभ्याने लिहिलं. अक्षर वाचता येतं. त्यांनी चारही बांधलेल्या प्रती उचलल्या आणि कपाटात टाकल्या. म्हणाले, "माझी पंधरा वर्षं चूक आहेत असं यावरून ठरत नाही." मी म्हटलं, "बरोबर आहेत असंही ठरत नाही सर." माझं तोंड असंच आहे, तुला माहीत आहे. ते म्हणाले, "मग ठरव. ऑगस्टनंतरचं मी काही सांगू शकत नाही. तोवर यंत्र तुझं."

माझी जूनची पाळी उद्यावर आणलीय त्यांनी. नव्या सोन्याच्या नऊ अंगठ्या तयार आहेत. त्या करताना चिमटे प्लास्टिकचेच वापरले होते. वाफेच्या पेटीचा आतला पत्रासुद्धा बदलला होता, लोखंडाचा कणही कुठून यायला नको. पदवी गेली तर जाऊ दे, हे मी उत्तर मिळाल्याशिवाय सोडणार नाही. बाकी सगळं नंतर.

आणि मामा, मी काही ढकललं नाही. तुझं तुझ्यापाशी, माझं माझ्यापाशी.

ठिणगी


२० मे

चि. ठिणगीस,

मामीच लिहिते आहे, सांगतोय मी. तू सरांपुढे उभी राहिलीस ते वाचून झाल्यावर मी टोपी घातली आणि कारखान्यात गेलो. मालकांना म्हटलं, मला दिसत नाही. दीड वर्षापासून. ते म्हणाले, "चेष्टा करताय." मी म्हटलं समोर बोटं धरा, किती ते सांगतो. त्यांनी दोन धरली, मी चार म्हणालो.

दीड वर्षातलं माझ्या हातचं सगळं सोनं परत तपासायला काढायला लावलं. मालक नको म्हणत होते. मी तिथेच बसून राहिलो, शेवटी त्यांनी वही काढली. बाकी सगळं ठीक निघालं. एकच बिघडलं होतं आणि ते तुझ्याकडे गेलं.

भट्टी सोडली. आता झिलईच्या बाकावर बसतो, ते काम बोटांनी कळतं. डॉक्टरांनी डाव्या डोळ्याचं करू म्हणून सांगितलंय, उजव्याचं काही खरं नाही. तू इकडची काळजी करू नकोस. यंत्रापासून हलू नकोस.

मामा


८ सप्टेंबर

प्रिय मामा,

चार महिन्यांहून जास्त लिहिलं नाही, कारण लिहायला निम्मंच उत्तर होतं. आता पुरं आहे.

नऊतल्या दोन अंगठ्या जळाल्या, सात टिकल्या. सातही अंगठ्यांत ताल टिकण्याचा वेळ वाढत गेला. अर्ध्या अंशाशी थांबला नाही. पाव अंशाला वाढला, अंशाच्या दहाव्या भागाला वाढला, आमचं यंत्र जाईल तिथपर्यंत वाढतच राहिला. चुंबकाचा जोर वाढवून पाहिला, लाटांत काही फरक नाही. सुयाच नाहीत तर ताणणार कुणाला. मी तीनदा थंड केलं, तीनदा तेच.

म्हणजे आमच्या अंगठ्यांपुरतं तरी इलेक्ट्रॉन आपसूक काही विसरत नाही. तू फेब्रुवारीत विचारलं होतंस तसं, वाटेत कुणीतरी गाठत होतं.

शेवटचा आलेख सरांपुढे ठेवला तेव्हा ते चष्मा काढून बसले. त्यांना फार लागलं, मामा. मलाही वाईट वाटलं, जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही. दोन दिवस ते आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते नवी मांडणी घेऊन. एक सोनं शुद्ध, दुसरं तुझं, त्यात मोजल्यावर दहा लाखांत पंधरा अणू लोखंडाचे निघाले. दोन्हीच्या अंगठ्या एकाच साच्याच्या, एकाच यंत्रावर. एवढंसं लोखंड कुठवर पोचतं हे इतकं स्वच्छ आमच्याकडे दुसऱ्या कशात दिसलं नसतं. लेख आता त्याच्यावर होतोय. कुलगुरूंकडे स्वतः जाऊन त्यांनी मला सहा महिने वाढवून आणले. माझ्याशी मात्र अजून मोजकंच बोलतात. बोलतील.

आता एक विचारायचंय. दुसरं सोनं कुठून आलं आणि लोखंड कसं शिरलं ते लेखात लिहावं लागेल. "बाहेरून मिळालेला नमुना" असं लिहिलं तरी चालतं, सर तयार आहेत. किंवा जे झालं ते, तुझ्या नावासकट. छापलं की ते कायमचं, आणि तुझ्या कारखान्यातलाही कुणी वाचू शकेल. यात मी ठरवणार नाही. तू सांगशील तसं.

ठिणगी


१७ सप्टेंबर

चि. ठिणगीस,

हे मी लिहितोय. डाव्या डोळ्याचं झालं. ओळ वाकडी गेली तर समजून घे.

बाहेरून मिळालेला नमुना, असं लिहू नकोस. बाहेरून म्हणजे कुठून? वाचणारा उद्या कुणातरी भल्या माणसावर संशय घेईल. माझं नाव लिही. धंदा लिही, सोनार. लोखंडाची कांडी, दोन फेरे, आणि कळल्यावरही गप्प बसला, हेही लिही. ते शेवटचं गाळलंस तर बाकीचं खरं असून उपयोग नाही.

नाव लिहिताना मात्र मधलं गाळ. नुसतं माझं आणि आडनाव. मधलं नाव माझ्या वडिलांचं आहे. त्यांनी मला दोन कांड्या कधी एका खिळ्याला टांगायला शिकवलं नव्हतं.

मामा